दुसरा ठोका

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे टूलरूमचा फोरमन होतो. टूलरूम म्हणजे जिथे प्रेसचे साचे बनतात आणि बिघडले की दुरुस्त होतात ती जागा. माणसे घ्यायचे काम ऑफिसचे, पण फिटर घ्यायचा असला की शेवटचा शब्द माझा. शेठ म्हणायचे, "हात तुम्ही बघा, बाकीचं मी बघतो."

हात बघायची माझी एक रीत होती. उमेदवाराला लोखंडाचे दोन तुकडे आणि एक कानस द्यायची. एका तुकड्यात चौकोनी खाच पाडायची, दुसरा त्या खाचेत बसेल असा घासायचा. तीन तासांनी दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून खिडकीशी उजेडाला धरायचे. फटीतून उजेडाची रेघ दिसली की माणूस नापास. इथपर्यंतची परीक्षा सगळ्याच कारखान्यांत होती. पुढची माझी होती. माणूस मान खाली घालून कानस मारत असला की मी मागून जायचो आणि त्याच्या हातापासून चार बोटांवर दोन पौंडी हातोडा बाकावर आदळायचो. हात मागे गेला तर माणूस घरी.

ही रीत मी शोधलेली नाही. भद्रकालीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी शिकलो, तिथल्या उस्तादाने माझ्यावर हेच केले होते. माझा हात पहिल्या वेळी हलला, तेव्हा त्याने कानशीच्या लाकडी मुठीने माझी बोटे फोडली. दुसऱ्या वेळी हलला तेव्हा थोबाडीत मारली. त्या थपडेने माझा डावा कान कायमचा मंद झाला. तिसऱ्या वेळी हात हलला नाही. उस्ताद म्हणाला, "आता तू फिटर." मला त्या वेळी अभिमान वाटला होता. तो अभिमान मी पुढे वीस वर्षे दुसऱ्यांच्या हातांशेजारी आदळत राहिलो.

नाशिक रोडचा एक उमेदवार आठवतो. आयटीआयमध्ये पहिला आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, फाइलमध्ये प्रमाणपत्रे. त्याच्या तुकड्यातून उजेड दिसत नव्हता. मी हातोडा मारला, तसा त्याने हात झटकन छातीशी घेतला. टूलरूममधले सगळे हसले. तो मात्र शांतपणे म्हणाला, "सर, हात मागे घ्यायलाच शिकवलंय आम्हाला."

"मग पायही घे मागे," मी म्हणालो. "गेट त्या बाजूला आहे."

हे वाक्य मी कितीतरी वर्षे विनोद म्हणून सांगत असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला कारखान्याला कामे फार आणि चांगले फिटर थोडे, अशी स्थिती आली. प्रमाणपत्रवाल्यांना कानस धरता येत नव्हती आणि कानस धरता येणाऱ्यांकडे प्रमाणपत्र नव्हते. अशा वेळी गेटवर घोटीचा एक माणूस आला. वय तिशीच्या पुढे. घोटीच्या भाताच्या गिरण्यांमध्ये पट्टे, बेअरिंगे, शाफ्ट दुरुस्त करत होता. शाळा सातवीपर्यंत. गेटवरच्या वॉचमनने त्याला दोनदा हाकलले होते. तिसऱ्या दिवशी कॉलर धरून ढकलले, तेव्हा तो गटाराच्या कडेला पडला, उठला, आणि कोपरातून रक्त गळत असतानाच वॉचमनला म्हणाला, "आता तरी फोरमनला बोलवा. नायतर उद्या परत याचा हाय मी."

मी त्याला आत घेतले ते गंमत म्हणून. कोपराला रुमाल बांधून त्याने कानस हातात घेतली, आणि तिचा आवाज ऐकूनच आजूबाजूचे लोक थांबले. कानस एका लयीत चालली की ती ओरडत नाही. त्याची ओरडत नव्हती.

मी मागून गेलो. हातोडा आदळला. बाकावरचे स्क्रू उडाले. त्याचा हात जागचा हलला नाही.

मी परत उचलला आणि आणखी जवळ मारला, दोन बोटांच्या अंतरावर. हात तिथेच. त्याने फक्त मान वर केली.

"सायेब, दुसऱ्यांदा मारायचं असलं तर सांगून मारत जा. काम बिघडतंय."

सगळी टूलरूम हसली, मीही हसलो. त्याचे तुकडे उजेडाला धरले. रेघ दिसली नाही. ऑफिसातल्या बाबूने प्रमाणपत्र मागितले तेव्हा मी म्हणालो, "त्याचं प्रमाणपत्र मी." पुढची दोन वर्षे तो आमचा सगळ्यात चांगला डाय फिटर होता. डाय म्हणजे प्रेसमधला साचा. बिघडलेला साचा तो नुसता बोट फिरवून ओळखायचा. रोज सकाळच्या गाडीने घोटीहून यायचा आणि डब्यात हमखास तांदळाची भाकरी असायची. मला जेवणाच्या सुट्टीत अर्धी तोडून द्यायचा. "खा सायेब. शिव्या द्याला ताकद लागती."

आता त्या दिवसाचे. गेल्या वर्षी एका कागदावर मी जसे लिहिले होते तसे आधी सांगतो.

आमच्याकडे एक जुनी शंभर टनी प्रेस होती. खाली साचा, वर लोखंडाचा मोठा ठोकळा. पायाने पट्टी दाबली की ठोकळा एकदा खाली येतो, पत्र्याला आकार देतो, वर जातो आणि थांबतो. एका पट्टीला एक ठोका, हा नियम. पण क्लचमधली चावी झिजली की कधीकधी ठोकळा वर थांबत नाही. कुणीही पट्टी न दाबता तो दुसऱ्यांदा खाली येतो. त्याला आम्ही दुसरा ठोका म्हणायचो. पट्टी दाबून माल काढायला हात आत घालणाऱ्या माणसाला तो दुसरा ठोका दिसत नाही.

त्या दिवशी नवीन साचा चढवला होता. स्कूटरचे ब्रॅकेट होते, माल संध्याकाळच्या टेम्पोने जायचा होता. साचा बसवून चार-पाच चाचणीचे तुकडे काढायचे काम त्याचे होते. सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सायेब, प्रेस दोनदा मारतीया. चावी बदलू." मी म्हणालो, "चावी बदलायला अर्धा दिवस जाईल. आज माल जाऊ दे, उद्या बघू." तो परत गेला. मी त्याच्यापासून सहा-सात पावलांवर उभा होतो. त्याने पट्टी दाबली, ठोकळा खाली आला, वर गेला. त्याने पाय मागे घेतला. पाय जमिनीवर टेकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मग त्याने उजवा हात आत घातला.

आणि ठोकळा दुसऱ्यांदा खाली आला.

पत्रा कापला जाण्याचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. हा आवाज वेगळा होता, ओला होता. ठोकळा वर गेलाच नाही. आत तुकडा वाकडा होऊन अडकला होता आणि ठोकळा त्याच्या चार बोटांवर तसाच बसून राहिला. तो ओरडला नाही. त्याचे तोंड उघडे होते, पण आवाज येत नव्हता. साच्याच्या कडेने रक्त खाली ठिबकून तेलात मिसळत होते. कुणीतरी उलटी केली. कुणीतरी त्याला मागे ओढायला धावले.

"वढू नका," तो म्हणाला. "मेन बंद करा आधी."

मेन बंद केला. ठोकळा वर घ्यायचा तर प्रेसचे मोठे चाक पहारीने हाताने फिरवावे लागते. मी पहार लावली आणि सगळा जोर लावून ढकलली. पुढच्या बाजूला. चाक पुढे फिरले की ठोकळा आणखी खाली दाबला जातो, हे मी रोज माणसांना शिकवत असे. तेव्हा तो ओरडला. तो आवाज शेजारच्या कारखान्यात ऐकू गेला असे नंतर लोक सांगत.

"उलटं!" तो किंचाळला. "उलटं फिरवा, मास्तर! पुढं नाय!"

दोन वर्षांत त्याने मला कधी मास्तर म्हटले नव्हते. सगळ्यात चांगला फिटर तोच होता, म्हणून स्वतःचा हात सोडवण्याच्या सूचना तोच देत होता. "पहार खालून लावा. दोघं धरा. आस्ते. थांबा. आता." चार-पाच मिनिटे गेली असतील. ठोकळा वर आला तेव्हा त्याने हात स्वतःच बाहेर काढला. अंगठा होता. बाकीची बोटे ब्रॅकेटच्या आकारात खाली राहिली होती.

विम्याच्या दवाखान्यातून परत आलो तेव्हा माझ्या शर्टाला त्याचे रक्त होते. शेठने केबिनमध्ये बोलावले, दार लावले आणि अपघाताचा कोरा फॉर्म पुढे ठेवला. "प्रेसची चावी झिजली होती असं लिहिलं तर उद्या इन्स्पेक्टर टाळं लावेल. दीडशे घरं आहेत आपल्याकडे. तुमचंही त्यातलंच."

मी लिहिले: कामगाराने पाय पट्टीवर असताना, चिमटा न वापरता हात साच्यात घातला. अक्षर माझे, सही माझी. फॉर्मवरची शाई वाळायची वाट पाहत मी तिथेच बसून राहिलो. दोन महिन्यांनी याच कागदावरून त्याला निष्काळजीपणाचा ठपका ठेवून काढून टाकले.

त्याने काम शोधणे सोडले नाही. डाव्या हाताने कानस मारायला शिकला आणि अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर जाऊन उभा राहू लागला. काम बघितल्यावर घ्यावेसे वाटे, म्हणून तिथले फोरमन मला फोन करत. आम्ही सगळे एकमेकांना ओळखत होतो. असे तीन फोन मला आले.

"काय हो, तुमच्याकडचा तो घोटीवाला. कसा आहे?"

"हात चांगला आहे. पण ऐकत नाही."

आमच्या धंद्यात 'ऐकत नाही' एवढे पुरे असते. वाईट हाताला कुणीतरी काम देते, ऐकत नाही त्याला कुणी देत नाही. तिन्ही फोनना मी हेच उत्तर दिले. तो दुसरीकडे लागला असता, तर तिथे कुणीतरी हाताचे विचारले असते आणि त्याने सांगितले असते. मला त्याचे तोंड बंद हवे होते.

हातोडा मी त्या दिवशी टाकून दिला असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. आणखी दोन वर्षे मी तशीच परीक्षा घेत होतो. मग एकदा नापास केलेल्या एका उमेदवाराने संध्याकाळी त्र्यंबक रस्त्याच्या वळणावर मला गाठले आणि सायकलच्या साखळीने मारले. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दोन दात रस्त्यावर पडले. तो मारताना एकच वाक्य म्हणत होता, "हलू नको ना! आता हलू नको ना!" हातोडा बंद झाला तो या भीतीने.

दोन हजार सालानंतर सातपुरात कॉम्प्युटरवर चालणारी मशीने आली. आमच्याकडे मात्र जुन्याच प्रेस आणि जुनेच साचे. पेपरात जाहिरात दिली की तीस-तीस पोरे यायची. कानस पुढे ठेवली तेव्हा एकाने विचारले, "सर, मशीन कुठंय?" एक साचा महिनाभर पडून राहिला. शेवटी एका पुरवठादाराने तो बाहेर नेला आणि आठ दिवसांत आणून दिला. मी दोन्ही भाग बसवून खिडकीशी धरले. रेघ नव्हती. हे काम मी ओळखले. तरीही विचारले, कुणी केलं?

"घोटीला गिरणीच्या मागं एक डावरा बसतो."

मी गेलो. आपलेपणाने नव्हे, गरजेपोटी गेलो. गिरणीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बसला होता. कोंड्याची धूळ सगळीकडे. कानशीची मूठ डाव्या हातात, आणि उजव्या हाताचा उरलेला अंगठा पुढच्या टोकावर. मला बघून तो उठला नाही.

"या सायेब. दात कुठं ठिवले?"

"पडले."

"आपोआप?"

 मी म्हणालो, "परत ये. फोरमन करतो तुला. मी दोन वर्षांत रिटायर होतोय."

"ट्रेड टेस्ट घेनार?"

"नाही. तुझी कसली टेस्ट?"

"मंग मी घेतो." माझा हात त्याच्या बाकावर होता. त्याने डाव्या हाताने हातोडा उचलला आणि इतक्या जोरात आदळला की बाकाचे लाकूड चिरले. मी हात ओढून घेतला, तोल गेला आणि मागच्या कोंड्याच्या पोत्यांवर पडलो. गिरणीतली माणसे दारात येऊन हसू लागली. तो हसला नाही.

"हालला ना हात? हालनारच. मानसाचा हाय."

मग हातोडा खाली ठेवून त्याने जे विचारले, त्यासाठी मी हे सगळे लिहीत आहे. तो म्हणाला, "सायेब, तुमी बघत व्हता. माझा पाय पट्टीवर व्हता का?"

मी कपड्यांवरचा कोंडा झटकत राहिलो.

"मला आठवतंय, नव्हता. पन कागदावर हाय. भाऊ म्हनतो, सोताच्या पायानं हात घालवला. बायको बोलत नाय, पन तिलाबी तसंच वाटतं. लय वरसं झाली. आता रात्री मीच पाय हालवून बघतो. वाटतं, असंल बाबा. आपलाच पाय असंल. तुमी येवढं लिवून द्या, व्हता का नव्हता. मंग फोरमन नाय, झाडू माराया बी येतो."

माझे उत्तर मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "बघतो. शेठशी बोलतो." शेठशी मी बोललो नाही. घोटीला परत गेलो नाही. तो साचा पुढच्या वेळी त्याच पुरवठादाराकडून करून घेतला. नंतर रिटायर झालो. कारखाना बंद पडला, शेठ वारले, त्या प्रेसचे भंगार झाले. त्याचा पाय कुठे होता हे माहीत असलेला दुसरा कुणी उरला नाही.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. घरात बोलायला कुणी राहिले नाही, तेव्हा मी कागद घेतला आणि लिहिले. वर जे सांगितले तेच: प्रेसची चावी झिजली होती, त्याने सकाळी मला सांगितले होते, मी ऐकले नाही, पाय जमिनीवर होता, फॉर्म मी खोटा भरला. तो कागद घेऊन एसटीने घोटीला गेलो. तो आता म्हातारा झाला आहे, डोळ्यांना जाड चष्मा. त्याने कागद सावकाश, ओठ हलवत, दोनदा वाचला. 'पाय जमिनीवर होता' या ओळीवर त्याने अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बायकोला हाक मारली. तिला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

मला वाटले, झाले. मी उठायला लागलो. तेव्हा त्याने तो कागद खिडकीशी नेला आणि डोळ्यांसमोर उजेडाला धरला, जसे आम्ही तुकडे धरायचो तसा.

"उजेड दिसतोय, सायेब."

"कुठे?"

"सकाळचं बसलं नाय नीट. मी सांगितलं आन तुमी म्हनला उद्या बघू. येवढंच झालं?"

एवढेच झाले नव्हते. ते मी फॉर्मवर लिहिले नव्हते आणि तीस वर्षांनी स्वतःहून लिहिलेल्या कागदावरही लिहिले नाही. ते इथे लिहितो.

त्या सकाळी प्रेसने आधीही एकदा दुसरा ठोका मारला होता. तो हात आत घालत होता, ठोकळा खाली आला आणि त्याने हात झटकन ओढून घेतला. एका बोटाचे नख तेवढे गेले. त्याने स्वतःच मेन बंद केला आणि पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. बोटातून रक्त येत होते. "सायेब, प्रेस दोनदा मारतीया. आत्ता हात गेला असता. चावी बदलल्याशिवाय मी लावनार नाय."

चाळीस माणसे बघत होती. मी त्याच्या थोबाडीत मारली. उस्तादाने मला मारली होती तशी, कानाखाली, पूर्ण हाताने. तो बाजूच्या रॅकवर आदळला.

"हात हलला तुझा?" मी ओरडलो. "अं? हातोड्याला हलला नाही आणि आता हलला? बायको-पोरं झाली म्हणून भित्रा झालास? हात हलवायचा असेल तर घोटीला जा, गिरणीत भात पाखडत बस. इथे माझ्याकडे हात हलत नाही!"

काहीजण हसले. जे पूर्वी हातोड्यावर हसायचे तेच.

तो रॅकला धरून उठला. गाल लाल झाला होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "पुन्हा हालनार नाय, सायेब." बोटाचे रक्त त्याने पँटला पुसले, मेन चालू केला आणि प्रेससमोर जाऊन उभा राहिला. चहाची घंटा व्हायला दहा मिनिटे होती.

ठोकळा दुसऱ्यांदा सुटला तेव्हा त्याला तो दिसला होता. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्याला दिसला, आणि त्याने हात हलवला नाही.